एलिस आयलंडच्या बंद इस्पितळात

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांकडे भारतातून पाहुणे आले की लिबर्टी स्टेट पार्कहून बोट पकडून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि एलिस आयलंड, म्हणजे अमेरिकेत येणाऱ्यांची पूर्वी जिथे तपासणी व्हायची ते बेट, दाखवणं हा ठरलेला कार्यक्रम असतो. पुतळ्यापाशी फोटो, म्युझियममध्ये तासभर, कॅफेटेरियातली महागडी कॉफी आणि परत. मीही कितीतरी पाहुण्यांना असं फिरवून आणलं आहे. एलिस आयलंडला बोट लागली की एका हाताला चार मनोऱ्यांची ती फोटोतली इमारत असते, सगळी गर्दी तिकडे वळते. दुसऱ्या हाताला, पाण्याच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडे, तशाच लाल विटांच्या वीस-बावीस इमारती उभ्या आहेत. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, मधूनमधून झाडं माजलेली. ते इस्पितळ. तिकडे सहसा कोणी बघत नाही.

मावशीने बघितलं. सुटीला आली होती. सांगली भागातल्या एका सरकारी रुग्णालयात सिस्टर म्हणून तिची सगळी नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं क्षयाच्या वॉर्डात. "ते काय गं?" तिने विचारलं. मी सांगितलं, जुनं हॉस्पिटल आहे, बंद पडलंय. "मग आत जाता येतं का?"

येतं. तिकीट वेगळं काढावं लागतं. 'सेव्ह एलिस आयलंड' नावाची संस्था २०१४ पासून छोट्या गटांना आत नेते. डोक्याला हेल्मेट, पायात बंद बूट, आणि आत काही झालं तर जबाबदारी आमची, अशा कागदावर सही. मावशीचा अंबाडा हेल्मेटात मावेना. शेवटी तिने तो सोडून वेणी घातली. या वयात वेणी, यावरून आमचं बोटीवर बराच वेळ हसून झालं.

एक गंमत आधीच सांगते. हे बेट मुळात तीन-सव्वातीन एकरांचं. भर घालत घालत ते साडेसत्तावीस एकर केलं. पुढे न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी यांच्यात ते कोणाचं यावरून भांडण लागलं, पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९९८ साली निकाल लागला की मूळचा तुकडा न्यू यॉर्कचा आणि भर घातलेली जमीन न्यू जर्सीची. इस्पितळ पूर्ण भरावावर आहे. म्हणजे आम्ही आमच्याच राज्यात होतो, शेजारच्या राज्याचं नाव लावणाऱ्या बंदरात.

आमच्या गटाला नेणाऱ्या बाई स्वयंसेवक होत्या, निवृत्त शिक्षिका असाव्यात अशा. त्यांनी आम्हाला सगळ्यात आधी लाँड्रीत नेलं. इथे काही तरुण मंडळींचा हिरमोड झालेला दिसला. त्यांना थेट शवागारात जायचं होतं. मावशी मात्र खुलली. मोठाल्या लोखंडी यंत्रांवर गंज चढलाय, भिंतींचा रंग पापुद्र्यांनी सुटलाय, पण कपडे धुण्याचं, पिळण्याचं, इस्त्रीचं यंत्र ओळखू येतं. दिवसाला तीन हजारांवर नग धुतले जात, असं बाई म्हणाल्या. मावशीने मनाशी हिशेब केला आणि मला मराठीत म्हणाली, "म्हणजे चादरी रोज बदलत होते. आमच्याकडे दिवसाआड बदलायची म्हणजे स्टोअरकीपरशी भांडण." मग पुढे, "कुठलंही इस्पितळ बघायचं तर आधी धोबीखाना बघावा." मी हे बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

इस्पितळ इथे का होतं ते थोडं सांगायला हवं. १८९२ ते १९५४ या काळात या बेटावरून सुमारे सव्वा कोटी माणसं अमेरिकेत शिरली. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी जहाजावरच उरकायची. बोटीच्या तळातून आलेल्या गरिबांना इथे उतरवायचे. सार्वजनिक आरोग्य सेवेचे गणवेशातले डॉक्टर जिन्याशी उभे राहून चढणारी माणसं बघायचे. धाप कोणाला लागते, लंगडतं कोण, भांबावल्यासारखं कोण दिसतं. एका माणसाला मोजून काही सेकंद. शंका आली की अंगावरच्या कोटावर खडूने अक्षर. हृदयासाठी एक, डोळ्यांसाठी एक, पाठीसाठी एक, गरोदर बाईसाठी वेगळं. सगळ्यात भीती असायची ती डोळ्यांच्या डॉक्टरची. बुटाची बटणं लावायच्या आकड्याने तो पापणी उलटी करायचा आणि आत खुपऱ्या आहेत का बघायचा. खुपऱ्या निघाल्या की बहुतेकांचं परतीचं जहाज ठरलेलं.

पण खडूची खूण झालेला प्रत्येक जण परत जायचा असं नाही. बरा होणारा आजार असेल तर त्याला पाण्याच्या या बाजूला आणायचे, उपचार करायचे आणि मग आत सोडायचे. खर्च जहाज कंपनीच्या माथी. शिवाय १९०३ च्या कायद्याने असंही ठरवलं होतं की निघतानाच ओळखता आला असता असा संसर्गजन्य रोगी आणला तर कंपनीला माणशी शंभर डॉलर दंड. त्यामुळे युरोपातल्या बंदरांवर कंपन्या स्वतःच माणसं तपासायला लागल्या. सरकारने आपलं काम व्यापाऱ्याच्या खिशाला कसं लावून दिलं, ते मला यात फार चतुर वाटतं.

पहिलं रुग्णालय १९०२ साली उघडलं. ते सामान्य आजारांचं. संसर्गजन्य रोगांचं रुग्णालय त्याच्या दक्षिणेला, वेगळा भराव घालून बांधलं आणि १९११ मध्ये सुरू झालं. मधे मुद्दाम पाणी ठेवलं होतं. पाणी ओलांडून जंतू येणार नाहीत अशी तेव्हा समजूत. पुढे ती खाडी भरून टाकली. आज तिथे गवत आहे.

संसर्गजन्य भागात शिरलं की एक लांबलचक व्हरांडा लागतो. सरळ नाही, किंचित वळत जाणारा, त्यामुळे दुसरं टोक दिसत नाही. त्याच्या दोन्ही अंगांना वॉर्ड. समोरासमोर न ठेवता एक इकडे, एक तिकडे असे, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी वारा मिळतो. जमिनीवर प्लास्टरचा चुरा, कुठे गेल्या वर्षीची पानं. भिंतींवर हिरवट, पिवळा, मळकट पांढरा असे रंगांचे थर एकाखाली एक दिसतात. आमच्यातला एक मुलगा सारखा भुताटकीबद्दल विचारत होता. बाईंनी त्याला शांतपणे उत्तर दिलं की इथे साधारण साडेतीन हजार माणसं वारली आणि साडेतीनशेच्या वर बाळं जन्मली, आणि त्यांना स्वतःला बाळांबद्दल बोलायला जास्त आवडतं.

मावशी एका वॉर्डच्या कोपऱ्यात उभी राहून भिंतीवरून बोट फिरवत होती. हात लावू नका असं सांगितलेलं, म्हणून मी दटावलं. ती म्हणाली, "हे बघ, काटकोनच नाही." खरंच नव्हता. भिंत आणि जमीन जिथे मिळतात, भिंत आणि भिंत जिथे मिळतात, तिथे सगळीकडे गोलाई दिलेली. धूळ साठू नये, फडकं सरळ फिरावं म्हणून. तिच्या रुग्णालयात नवीन ऑपरेशन थिएटर बांधलं तेव्हा डॉक्टरांनी हेच मागितलं होतं आणि ठेकेदाराने काटकोन करून ठेवले होते. बाईंनी दुजोरा दिला: ही गोलाई मुद्दाम आहे. त्या वेळी प्रतिजैविकं नव्हती. हवा, ऊन, स्वच्छता, विश्रांती आणि चांगलं खाणं, एवढंच औषध. मग इमारतच औषधासारखी बांधायची. मला हा सगळा परिसर तिथून पुढे वेगळा दिसायला लागला. मोठमोठ्या खिडक्या, उंच छत, हे सगळं रम्य दिसावं म्हणून केलेलं नव्हतं.

हे वॉर्ड बहुतांश गोवराचे. शिवाय घटसर्प, स्कार्लेट फीवर, डांग्या खोकला. म्हणजे मुलांचे. जहाजाच्या तळात दोन आठवडे कोंबलेल्या मुलांत गोवर पसरायला कितीसा वेळ? मूल इथे आणलं की आई त्या पाण्यापलीकडे, मोठ्या इमारतीत. संसर्गाच्या वॉर्डात भेटायची मुभा नसे. आईला इटालियन येणार, नाहीतर यिडिश, नाहीतर क्रोएशियन. सिस्टरला इंग्रजी. दुभाषे होते म्हणा. पुढे न्यू यॉर्कचा महापौर झालेला आणि ज्याच्या नावाच्या विमानतळाला आपण सगळे उशिराबद्दल शिव्या देतो तो ला ग्वार्डिया १९०७ ते १९१० इथे दुभाष्या होता आणि रात्री कायदा शिकत होता. पण रात्री दोन वाजता रडणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला दुभाष्या कुठून मिळणार? हे मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "रडणाऱ्या पोराला कुठल्याही भाषेत बोललं तरी चालतं. कर्नाटकातून पेशंट यायचे की आमच्याकडे." मला ते पूर्ण पटलं नाही. पोराचं निभेल. त्या आईचं काय? मावशी यावर काही बोलली नाही.

शवागार बघायला सगळे उत्सुक होते, तर तेही सांगते. आठ शवं ठेवायचं शीतकपाट, समोर शवविच्छेदनाची जागा, आणि मागे पायऱ्या पायऱ्या, डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना उभं राहून बघायला. जगभरातले आजार एका ठिकाणी गोळा होत होते, त्यामुळे शिकणाऱ्यांना ही जागा मोलाची होती. तिथे सगळ्यात जास्त फोटो निघाले. मावशी दाराशीच थांबली. तिला पुढच्या खोलीतल्या ऑटोक्लेव्हमध्ये जास्त रस होता. हा आपल्या थिएटरमधल्या ड्रमएवढा नव्हे, आख्खी गादी आत जाईल एवढा. गाद्या वाफेने निर्जंतुक करून पुढच्या रोग्याला द्यायच्या. "आणि आम्ही गाद्या उन्हात टाकायचो," ती म्हणाली, "वॉर्डातले मामा नसले तर स्वतः उचलून."

अधूनमधून भिंतींवर, फुटक्या काचांवर जुने फोटो माणसाच्या उंचीएवढे मोठे करून चिकटवलेले आहेत. जेआर नावाच्या फ्रेंच कलाकाराने २०१४ मध्ये ते लावले. प्लास्टर पडत जाईल तसे तेही जातील, हे धरूनच. एका ठिकाणी टोपी घातलेल्या परिचारिका आहेत. अशा कलेबद्दल मी एरवी जरा साशंक असते, पडक्या वास्तूला कोणीतरी मुद्दाम भावुक करतंय असं वाटतं. इथेही दोन-तीन फोटोंशी तसं वाटलं. पण परिचारिकांपाशी मावशीने मला तिचा फोटो काढायला लावला. त्यांच्या शेजारी, रांगेत, हेल्मेट घालून.

अगदी दक्षिण टोकाला क्षयाच्या खोल्या. लहान, एकेकट्याच्या. खोलीत दोन बेसिन, एक हात-तोंड धुवायला आणि एक थुंकायला, असं बाई म्हणाल्या. मावशीने मान डोलावली. स्पुटम कप, त्यातलं फिनेल, ते जाळून टाकणं, हे तिने आयुष्यभर केलेलं. बेसिनवर आरसा आहे. खोलीत एका विशिष्ट जागी उभं राहिलं की त्यात मागच्या खिडकीतून पुतळा दिसतो. स्टीफन विल्क्स या छायाचित्रकाराने १९९८ पासून पाच वर्षं इथे येऊन जे फोटो काढले त्यात हा आरसा आहे. त्या फोटोंमुळे या पडीक बाजूकडे लक्ष गेलं आणि अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ती सावरायला साठ लाख डॉलर दिले. तेव्हापासून छपरं आणि भिंती धरून ठेवायच्या, पडझड आहे तिथे थांबवायची, चकचकीत करायचं नाही, असं धोरण आहे. खिडक्यांच्या फळ्यांना मुद्दाम झडपा ठेवल्यात, आत वारा खेळता राहावा म्हणून.

आरशासमोर रांग लागली. सगळ्यांना तोच फोटो हवा होता, मलाही. पण १९०७ च्या कायद्याने क्षयरोग्याला अमेरिकेत प्रवेशच बंद होता. म्हणजे या खोलीतला बहुतेक रोगी परत जाणाराच. त्याला रोज सकाळी तोंड धुताना तो पुतळा दिसत असणार. मावशी म्हणाली, "आरसा काढून टाकायला हवा होता."

आणि मग तिने आनंदीबाईंचं नाव काढलं. माझ्या डोक्यात ते कधीच आलं नसतं. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यू यॉर्कला उतरल्या, एलिस आयलंडचं हे ठाणं सुरू व्हायच्या जवळजवळ नऊ वर्षं आधी. उतरून गेल्या त्या न्यू जर्सीतच, रोझेलला, कार्पेंटरबाईंच्या घरी. आमच्या घरापासून ते गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. जर्मन शास्त्रज्ञ कॉखने क्षयाचा जंतू शोधून तेव्हा वर्षच झालं होतं. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानेच गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. आणि स्ट्रेप्टोमायसिन, ज्याची इंजेक्शनं मावशीने किती हजार दिली असतील देव जाणे, ते सापडलं १९४३ साली, रटगर्स विद्यापीठात, म्हणजे परत न्यू जर्सीतच. मी हे सांगितल्यावर मावशी चकित झाली. "तुमच्या इथलं होय ते?" आणि मग, "फार दुखायचं गं ते. पेशंट शिव्या द्यायचे."

आपल्याकडची माणसं या वॉर्डांत शोधू नयेत, फारशी सापडणार नाहीत. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टाच, त्यात हिंदुस्थानही, बंद केला. विद्यार्थ्यांसारख्यांना सूट होती. पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेलेले दलीप सिंग सौंद १९२० मध्ये विद्यार्थी म्हणून याच बेटावरून आत आले. १९४६ मध्ये दार उघडलं तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. युरोपातून येणाऱ्यांसाठी १९२१ मध्ये कोटा आला, १९२४ च्या कायद्याने तो आणखी आवळला आणि तपासणी निघण्याच्या देशातच, अमेरिकी वकिलातीच्या देखरेखीत करायचं ठरलं. इथली गर्दी ओसरली ती त्यामुळे. इमारतींत मग कधी तटरक्षक दल, कधी युद्धकाळातले नजरकैदी. १९५१ ला रुग्णालय बंद झालं, १९५४ ला सगळं बेटच.

तपासणी निघण्याच्या देशात, हे वाचताना मला मुंबईतल्या व्हिसा मेडिकलच्या रांगा आठवल्या. माझं स्वतःचं मेडिकल मात्र इथे झालं, ग्रीन कार्डासाठी. सरकारने नेमलेला डॉक्टर, एका दुकानांच्या रांगेतला दवाखाना, विम्यात न बसणारी फी. गोवराची लस घेतल्याचा पुरावा द्या. क्षयासाठी रक्ततपासणी, कारण आपल्या सगळ्यांना लहानपणी बीसीजी टोचलेली असते आणि त्वचेवरची चाचणी त्याने फसू शकते. निकाल बंद लिफाफ्यात, आपण उघडला तर बाद. आणि अर्जात तो प्रश्न, तुम्ही सरकारवर ओझं होण्याची शक्यता आहे का. इथल्या तपासनिसांच्या कागदांवर तोच शेरा असायचा, 'एलपीसी' अशा तीन अक्षरांत. दवाखान्यात बसले होते तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. मला पार्किंगची मुदत संपतेय याची काळजी होती.

ग्रीन कार्डाच्या रांगेतला माझा नंबर अजून लागायचा आहे. कधी लागेल ते कोणी सांगू शकत नाही. पाण्याच्या या बाजूच्या लोकांशी मी माझी तुलना करणार नाही. मी नोकरी करते, घर घेतलंय, मावशीला बोलावू शकते. पण आत आहोत आणि अजून आत घेतलेलं नाही, ही अवस्था मला परकी वाटली नाही. गंमत म्हणजे या इमारतींचा मला रागही येईना. माणूस गाळायला बांधलेल्या जागेत कोणीतरी कोपरे गोल करायला सांगितले होते, रोज चादरी बदलल्या होत्या. दोन्ही एकाच सरकारने, एकाच पैशातून केलं.

शेवटी कर्मचाऱ्यांचं घर दाखवतात, डॉक्टर राहायचे ते. शेकोटी आहे, बंदराकडे तोंड करून बसायला जागा आहे. मावशीने बाईंना विचारायला लावलं, सिस्टर कुठे राहायच्या, ड्युटी किती तासांची, रात्रपाळीनंतर सुटी मिळायची का. पहिल्याचं उत्तर त्यांनी दिलं, बेटावरच. बाकीचं शोधून ईमेल करते म्हणाल्या, पत्ता घेतला.

जाणार असाल तर जर्सीकडून जा, गर्दी कमी आणि गाडी लावायला जागा आहे. हेल्मेट घालून आत नेणाऱ्या या हार्ड हॅट टूरचं तिकीट बोटीच्या तिकिटाबरोबरच घ्या, ऐनवेळी मिळेलच असं नाही. लहान मुलांना आत घेत नाहीत. दीड तास उभं राहावं लागतं आणि बसायला कुठेही काही नाही. मावशीचे गुडघे त्या रात्री सुजले होते, तरी दुसऱ्या दिवशी रोझेलला जायचंय म्हणून तिने मला सात वाजता उठवलं.